अर्जदाराचं नाव

"अर्ज मुलीनं स्वतः करायला हवा," फौजदार एर्मेकने तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलं.

"ती कशी करणार? तिला कोंडून ठेवलंय."

"मग सुटली की करेल."

काल्बूबू जागची हलली नाही. बहात्तर वर्षांची बाई, रोज पहाटे दुधाच्या गाडीत बसून अठरा किलोमीटर डोंगर उतरून चौकीत यायची. तिच्या अंगाला तळणीचा वास येत होता. बाकावर बसून बसून कंबर धरली होती.

एर्मेकच्या डोक्यामागे भिंतीवर सरकारी कागद लावलेला होता. मुलीला लग्नासाठी पळवून नेणं हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. कागद नवा कोरा, गुळगुळीत. कायदा चांगलाच होता. फक्त तो भिंतीवरून टेबलापर्यंत काही उतरत नव्हता.

पहिल्या दिवशी एर्मेकने तिला गावच्या पंच म्हाताऱ्यांकडे पाठवलं. पंचांनी विचारलं, "मुलीच्या माहेरी मुलाकडून माफीची मेंढी पोचली का?" पोचली नाही म्हटल्यावर म्हणाले, "पोचेल." दुसऱ्या दिवशी मुलीच्या ओळखपत्राची नक्कल हवी होती. ओळखपत्र मुलीच्या दप्तरात, आणि दप्तर मुलगी सोडायला तयार नव्हती. आज आणखी नवीन काहीतरी निघणार, हे काल्बूबूला पायरी चढतानाच कळलं होतं.

"तिचे आई-बाप कुठे आहेत?"

"मॉस्कोला, बांधकामावर. आई फोनवर नुसती रडते."

"आणि तुम्ही कोण?"

"आजी."

एर्मेक जरा नरमला. या तालुक्यात बदलून येऊन त्याला दोनच महिने झाले होते. उगाच कुणाची हाय घेणारा माणूस नव्हता तो.

"हे बघा आजी, तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला ना?"

"बांधला. चार बायकांनी हात धरून बांधला. रुमालाच्या कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे."

"डागाचं काय घेऊन बसलात! रुमाल बांधला म्हणजे ती सून झाली. माझी आईसुद्धा अशीच आली होती. चार दिवस रडली. मग आम्ही पाच भावंडं झालो."

"चारच दिवस रडली, हे तुला कुणी सांगितलं?" काल्बूबूने विचारलं. "आईनं की बापानं?"

एर्मेकने टोपी जवळ ओढली. घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. बाराला वरच्या साहेबांच्या नातवाची जेवणावळ होती आणि उशिरा येणाऱ्याला साहेब वर्षभर बोलून दाखवायचे.

"सोमवारी तिची नर्सिंगची परीक्षा आहे," काल्बूबू म्हणाली. "एकोणीस वर्षांची आहे. तीन दिवसांत घासभर अन्न पोटात नाही. आज तीन वाजता मौलवी येणार, निकाह लावायला. एकदा तो लागला की तू म्हणशील, आता घरचा मामला."

"उद्या या. उद्या नक्की बघतो."

टोपी उचलून तो दाराकडे वळला. पण म्हातारी त्याच्याआधी तिथे पोचली. गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि चक्क उंबऱ्यावर आडवी झाली.

"आजी, हे काय? उठा!"

"नाही उठत."

"लोक बघतायत!"

"बघू देत. जा की मला ओलांडून."

पडलेल्या म्हातारीला ओलांडून गेलेल्याचं जन्मात भलं होत नाही, हे एर्मेकला त्याच्या आईने चालता येण्याआधीच शिकवलं होतं. भिंतीवरच्या कागदापेक्षा हा कायदा त्याला जास्त पाठ होता. खिडकीला गज होते. अंगणात जीपला टेकून उभा असलेला शिपाई फिदीफिदी हसला.

"साहेब, मारा की उडी!"

"तुझ्या आजीवरून मार!" एर्मेक खेकसला. दोनदा पाय उचलला, दोनदा खाली ठेवला. काल्बूबू ते पाय बघत होती. तिचे डोळे भरून आले. शेवटी त्याने टोपी टेबलावर आदळली.

"बोला. घर कुठलं?"

"वरच्या वस्तीत, निळ्या फाटकाचं. मुलगी मेएरिम. पळवून आणणारा नूर्दान."

त्याने खिडकीतूनच शिपायाला ओरडून सांगितलं. आणखी दोघे धावत आले, जीप सुरू झाली. फाटकाबाहेर पडून तिचा आवाज डोंगराच्या वळणावर विरेपर्यंत काल्बूबू कान देऊन पडून राहिली. मग तिने सुस्कारा सोडला.

"आता तरी उठा."

"आधी अर्ज पुरा कर. तुमचं काही खरं नाही."

एर्मेक दात-ओठ खात लिहू लागला. अर्जदाराचं नाव, काल्बूबू. तारीख. वेळ. मग मान वर केली.

"पळवून आणलं त्या रात्री दार उघडं होतं, असं परवा म्हणालात. मग मुलगी पळून का गेली नाही?"

"निघाली होती. पण घरातली म्हातारी दारात अशीच आडवी पडली. पोरीनं पाय उचलला, म्हणाली, 'आजी, तुमच्या पाया पडते, बाजूला व्हा.' म्हातारी हलली नाही. पोरीनं पाय खाली ठेवला."

"असल्या म्हाताऱ्यांना आधी आत टाकलं पाहिजे," एर्मेक मनापासून म्हणाला. जेवणावळ तर बुडालीच होती.

"टाक ना. मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे ना कायद्यात?"

"आहे. नाव सांगा तिचं."

"लिही," उंबऱ्यावरूनच ती म्हणाली. "काल्बूबू. नूर्दानची आजी."