गळालेला ‘नका’

कमळजाबाईंनी ‘श्वासयंत्र बंद करू नका’ असं टाइप करून ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर नोंद उमटली, ‘श्वासयंत्र बंद करू’.

काचेपलीकडे त्यांचे पती दिगंबरराव निपचित पडले होते. असे निर्णय आता रुग्णालयाचा संगणकच अमलात आणायचा, तेही नातेवाइकांनी आपल्या भाषेत लिहून दिल्यावर.

“रेश्मा, अगं, शेवटचा शब्दच गेला!”

परिचारिका रेश्मा धावत आली. “काकू, पुन्हा लिहा. नोंद अमलात यायला चार मिनिटं आहेत. यंत्राला मला हात लावता येत नाही.”

त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘नका’ गळाला. मराठी अक्षरं जुळून शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आतच पडदा मजकूर उचलत होता, हे दोघींना ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच झालं.

“इंग्रजीत लिहू का गं?”

“तुमची भाषा मराठी नोंदवलीय. संगणक दुसरी घेणार नाही.”

अर्धं मिनिट उरलं. डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसेनात. माणसापुढे हात जोडावेत तसं बाईंनी लिहिलं, ‘श्वासयंत्र बंद करू नका हो’.

पडद्याने त्यांचा ‘हो’ गिळला. ‘नका’ मात्र राहिला.