डोकं कुठल्या दिशेला

“डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला,” भैरवीनं उभं राहून खणखणीत सांगितलं, आणि श्यामलाबाई सवयीनं म्हणाल्या, “शाब्बास! टाळ्या वाजवा रे.”

टाळ्या वाजल्या, पण चार-पाच जणांच्याच. तिसरीची बाकीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली.

दिशांचा धडा चालू होता. फळा कुठल्या दिशेला, दार कुठल्या दिशेला, हे सांगून सांगून पोरं कंटाळली होती. म्हणून बाईंनी काल घरून बघून यायला सांगितलं होतं: आपल्या घरात कोण कुठल्या दिशेला डोकं करून झोपतं? गडमुडशिंगीतली घरं ती. सगळ्यांची डोकी पूर्वेला, नाहीतर दक्षिणेला. बाईंना ते आधीच ठाऊक होतं. सगळ्यांचं सांगून झालं, की उत्तरेला कुणीच का झोपत नाही असं विचारायचं, आणि दिशेत शुभ-अशुभ काही नसतं हे पोरांच्या गळी उतरवायचं, असा त्यांचा बेत होता. बाईंना असले बेत फार सुचत. त्यात भैरवीनं नेमकी उत्तर दिशा सांगितली. एका तरी घरात हा खुळेपणा नाही, म्हणून त्या खूश झाल्या.

“बाई,” धैर्यशील उठला. हा वर्गातला म्हातारा. बारशाला काय लागतं आणि बाराव्याला काय लागतं, सगळं त्याला पाठ. “तसं मेलेल्या माणसाला ठेवत्यात. आमच्या आज्जाला ठेवलतं.”

“खाली बस. असं काही नसतं. दिशा सगळ्या सारख्याच.”

“व्हय की,” भैरवीनं बाईंचीच बाजू घेतली. “आन् रोज न्हाय तसं, बाई. रोज आईचं डोकं पूर्वेलाच असतंय. आज सकाळी आक्कानं आन् मामानं फिरवलं तिला.”

“फिरवलं म्हणजे?”

“खाटंवरनं खाली घेतलं आन् फिरवलं. काल दवाखान्यातनं घरी आणली न्हवं तिला. मी लगेच बघितलं, दिशा कुठली ते.”

सांगताना तिचा चेहरा फुलला होता. बाईंनी दिलेला अभ्यास तिनं मन लावून केला होता.

विचारू नये हे बाईंना कळत होतं, तरी तोंडातून निघून गेलं, “मग आई उठली का?”

“न्हाय. आक्का म्हटली, झोपू दे तिला, तू जा शाळंला. दप्तर बी तिनंच भरलं. पप्पा अंगणात सगळ्या पावण्यांस्नी फोन लावत व्हतं.”

तिसरीतली पोरं, पण घरातलं माणूस खाटेवरून खाली का घेतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. धैर्यशीलनं तोंडावर हात ठेवला. शेजारची दीपा रडायच्या बेतात आली. बाईंच्या मनात आलं, हा अभ्यास आपणच दिला. आणि वर टाळ्याही आपणच वाजवायला लावल्या.

खिडकीतून फाटक दिसत होतं. तिथं एक माणूस मोटारसायकल लावून हेडमास्तरांशी बोलत होता. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला, आणि दोघंही तिसरीच्या वर्गाकडे निघाले. आता शंकेला जागाच उरली नव्हती. मैदान ओलांडून यायला त्यांना असा कितीसा वेळ लागणार?

भैरवीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी धैर्यशीलकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग ती बाकाच्या बाहेर आली, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे तोंड केलं आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पसरले. पुढे पूर्व, डावा हात उत्तर. ओठातल्या ओठात पुटपुटत तिनं घरातली खाट, दार, देव्हारा सगळं तिथल्या तिथं मांडून पाहिलं. पुन्हा मांडलं. उन्हाकडे पाठ करूनही पाहिलं. काही केल्या आई हलेना. हात हळूहळू खाली आले.

“बाई,” ती म्हणाली. मघाचा खणखणीत आवाज आता राहिला नव्हता. “माझं चुकलंय न्हवं?”

श्यामलाबाई चुकीच्या उत्तराला कधी बरोबर म्हणत नसत. पालक भांडायला आले तरी अर्धा गुणसुद्धा वाढवून देत नसत. आणि बरोबर उत्तराला चूक म्हणायची तर त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं. व्हरांड्यात पावलं वाजली.

“व्हय गं बाळा,” त्या म्हणाल्या, “चुकलंय तुझं.”

भैरवीनं केवढा तरी श्वास सोडला.

“मग उद्या परत नीट बघून येतो की, बाई.”