दाराशी उरलेल्या चपला

बाहेर आलेले कामगारांचे बिल्ले मोजून संगणकाने सांगितलं, की सूर्यासारखी ऊर्जा देणाऱ्या भट्टीत आता कुणी नाही. दार लागलं. पंप सुरू झाले की आतली सगळी हवा निघून जाणार होती.

पंपांच्या बटणापाशी गेलेला शारदाताईंचा हात थांबला. आत धूळ जाऊ नये म्हणून सगळे दाराबाहेर चपला काढत. तिथे एक जोड उरला होता.

"ताई, सगळ्यांचे बिल्ले आलेत की," भागवत म्हणाला. मग त्याचा चेहराच उतरला. "हणमंताचा आत पडला होता. विसरेल म्हणून मीच घेऊन आलो."

दोघांनी धावत जाऊन दार उघडलं. कानांत बोळे घालून भिंत पुसणारा हणमंत करवादला, "दार कुणी लावलं रे? चेष्टेला काही वेळकाळ?"

तो तणतणत बाहेर आला. भागवतने खाली वाकून चपला त्याच्या पायांपुढे नीट ठेवल्या.