खिंडीपलीकडची माती

हिमवादळात नॉर्वेतली ती खिंड ओलांडायची तर बर्फ उपसणाऱ्या ट्रकमागून रांगेनेच जायचं. रांगेची प्रमुख तोरुन हिने ओद्वारची गाडी अडवली. आत फावडं नाही, घोंगडी नाही, अंगावर नुसता काळा सूट. "वर अडकलास तर टाय पांघरणार?" "आज माझ्या बापाची माती आहे!" तो गरजला. "म्हणूनच अडवतेय. घरात एक मयत पुरे!" तो शिव्या घालू लागला, तशी तिने अंगातला जाड नारिंगी डगला काढून त्याच्या तोंडावर फेकला. "घाल, नाहीतर माघारी फीर!" त्याने रागारागाने चढवला. वर रांग अडकली, त्याचं इंजिन बंद पडलं. तासन्‌तास तो डगल्यात आक्रसून बसला. दुसऱ्याच्या गाडीने, तोच नारिंगी डगला अंगावर ठेवून, चर्चमध्ये पोचला तेव्हा आत्या खेकसली, "बापाच्या मातीला हे सोंग?" "ओरड, आत्या," तो भडकला, "हवं तितकं ओरड. ऐकायला मी जिवंत आहे ना!"