बापाचा रकाना

"आणि याचा बाप कोण?" साहेबाने वहीतून मान वर न करताच विचारलं.

केझायाने ओले हात झग्याला पुसले. हा सरकारी साहेब सकाळपासून ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या काळ्यांच्या या वस्तीत घरोघर फिरत होता. बावीस घरं त्याने मोजली. भिंती फळ्यांच्या की झाडाच्या सालीच्या, खोल्या किती, धुराडं विटांचं आहे का, सगळं वहीत गेलं. माणसं एकशे चार. गायी एकतीस. बिअरला कडवट चव देणाऱ्या हॉपचे वेल वीस एकर. मेलबर्नच्या बिअरवाल्यांच्या इथल्या हॉपवर उड्या पडत, तेही त्याने लिहून घेतलं. आता तो माणसांच्या रकान्यांवर आला होता. काळ्या बापाची लेकरं एका रकान्यात, गोऱ्या बापाची दुसऱ्यात.

अमोस केझायाचा एकुलता एक. अठ्ठावीस वर्षांचा. झाडं पाडण्यापासून धुराड्याच्या विटा भाजण्यापर्यंत सगळं स्वतः करून त्याने हे दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं. नदीकाठचं हॉपचं सगळ्यात चांगलं शेत तोच बघायचा. पण जमीन सरकारची. पलीकडच्या तीरावरचे गोरे शेतकरी दर वर्षी अर्ज करायचे, की काळ्यांना एवढी कसदार जमीन हवी कशाला.

केझाया वस्तीच्या मॅनेजरकडे धुणं धुवायची. मागच्या सोमवारी तो बायकोशी बोलत होता ते तिने खिडकीतून ऐकलं होतं. ज्यांच्या अंगात गोरं रक्त आहे, त्यांना सरकार आता स्वतःच्या पायांवर उभं करणार, तसा कायदाच येतोय, असं तो सांगत होता. आठवडाभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. स्वतःच्या पायांवर म्हणजे स्वतःच्या जमिनीवरच. नाहीतर माणूस उभा राहणार तरी कशावर?

अमोसचा बाप डेव्ही. चार वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्याने गेला. अमोस जन्मला तेव्हा ती दोघं एका गोऱ्याच्या मेंढवाड्यावर कामाला होती. डेव्ही मेंढरांमागे, ती स्वयंपाकघरात. तिथे काळ्या बायकांचं काय व्हायचं ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. केझायाच्या वाट्याला मात्र ते आलं नव्हतं. डेव्ही रोज रात्री दारात आडवा झोपायचा. अमोसचा रंग जरा उजळ होता, पण तो तिच्या आईवर गेला होता.

"गोरा होता, साहेब," केझाया म्हणाली. "मेंढवाड्यावरचा."

साहेबाने लिहून घेतलं. त्याला नवल वाटलं नाही. शेजारच्या बायका खाली बघू लागल्या. अमोस दारातच उभा होता. त्याने आईकडे पाहिलं. मग कुदळ उचलून तो शेताकडे निघून गेला.

त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा, जायचा. दर रविवारी तो डेव्हीच्या थडग्यावरचं गवत काढायचा, तेही त्याने सोडलं. केझायाने सगळं सोसलं. जमीन एकदा नावावर झाली की ती त्याला खरं सांगणार होती. आधी सांगितलं असतं, तर हा तडक जाऊन वहीतलं खोडायला लावणार. डेव्हीचाच मुलगा तो.

दहा आठवड्यांनी कागद आला. हॉपची तोडणी तोंडावर होती. मॅनेजरने सगळ्यांना प्रार्थनेच्या खोलीत जमवलं आणि नावं वाचली. सदतीस नावं. अमोसचं नववं. गोऱ्या बापाचे, चौतिशीच्या आतले सगळे त्यात होते. त्यांनी महिनाअखेर वस्ती सोडायची होती. त्यांना यापुढे इथे घर नाही, शिधा नाही. आईला भेटायला यायचं झालं तरी लेखी परवानगी हवी. त्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहता यावं यासाठीच हे आहे, असं कागदाच्या शेवटी लिहिलं होतं.

केझाया मॅनेजरच्या व्हरांड्यात गेली आणि तिने सगळं सांगितलं. खिडकीतून ऐकलेलं सांगितलं, दारात झोपणारा डेव्ही सांगितला. बायबलवर हात ठेवायला ती तयार होती. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, की कालपासून अकरा आया हेच सांगून गेल्या. वहीत आहे ते आता बदलत नाही.

महिनाअखेरीला दोन गाड्या भरल्या. उरली सदुसष्ट माणसं, बहुतेक म्हातारी आणि पोरं. वेलांवर हॉप पिकून पिवळे पडत होते आणि शिडीवर चढायला कुणी नव्हतं. अमोसने घोंगडी आणि कुऱ्हाड एवढंच घेतलं. त्याचा राग केव्हाच निवला होता. केझाया फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेली. तिथे तिने त्याचा दंड धरला. डेव्हीच तुझा बाप, मी जमिनीच्या आशेने खोटं बोलले, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. तिने डेव्हीची शपथ घेतली.

अमोसने बोचकं खाली ठेवलं आणि तळव्याने तिचे डोळे पुसले.

"राहू दे, आई," तो हळूच म्हणाला. "मी इथे राहावं म्हणून तू काय वाटेल ते बोलशील, हे मला ठाऊक आहे."