सलमाचा प्रबंध

सलमा सुट्टीत सुदानला घरी गेली आणि तिकडे युद्ध पेटलं. पुण्यातली पीएच.डी. अर्धवट राहिली. घर सोडून पळताना लॅपटॉपही गेला, निरीक्षणांच्या वह्या तेवढ्या तिने पिशवीत कोंबल्या. मग नेटवर्क मिळेल तेव्हा ती त्या वह्या पुढ्यात घेऊन ज्वारीवरच्या किडीबद्दल बोलायची आणि व्हॉइस मेसेज पाठवायची मुलुंडच्या दीप्तीला, हॉस्टेलमधल्या जुन्या रूममेटला. दीप्ती ऑफिसातून आली की ते ऐकून टाईप करायला बसायची.

एका मेसेजमध्ये स्फोटांचे आवाज आले. दीप्तीने घाबरून फोन लावला.

"राहू दे ना ते, सलमा. आधी जीव सांभाळ."

"तोच सांभाळतेय गं," सलमा पुण्यात शिकलेल्या मराठीत म्हणाली. "चौथं प्रकरण घे."

दीड वर्षाने तोंडी परीक्षा ऑनलाइन झाली. दीप्तीही ऐकायला होती. "अभिनंदन, डॉक्टर सलमा," असं परीक्षक म्हणाले तेव्हा दीप्तीला रडू आवरेना.

"एवढ्या धुमश्चक्रीत इतका नेटका प्रबंध तुम्ही लिहिलात तरी कुठे?" त्यांनी विचारलं.

निर्वासितांच्या छावणीतल्या तंबूत बसलेली सलमा हसली.

"मुलुंडला," ती म्हणाली.