थोरली की धाकटी

"तोंड तिकडे कर. आणि चोरून बघायचं नाही," नवरा म्हणाला.

तिने खुर्ची खिडकीकडे वळवली, चपला काढल्या आणि पावलं लाकडी जमिनीवर टेकवली.

लग्न झाल्या झाल्या सुरू झालेला हा त्यांचा रिवाज. तो ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवायचा. टेबलासारखी पायांवर उभी राहणारी, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवायची ती गिटार. नवी तार असो नाहीतर नवी धून, आधी तिने पाठमोरं बसून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "हात माझे, कान हिचे," असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती लाजून चूर व्हायची.

त्या कानांत आता काही उरलं नव्हतं. आधी माणसं विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली, मग तेही थांबलं. ओठांवरून ती भागवून न्यायची. नवऱ्याची वाक्यं तर पाठच होती, आणि अलीकडे तो समोर येऊन तिच्या तोंडाकडे बघत बोलायचा, तेही तिच्या पथ्यावर पडलं होतं. तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याला तर मुळीच नाही.

आणि नेमकं आता, इतक्या वर्षांनी, त्याला स्टुडिओतून बोलावणं आलं होतं. उद्याच. कुणा तरुण संगीतकाराला जुन्या गिटारीचा अस्सल आवाज हवा होता.

घरात दोन होत्या. थोरलीचं यंत्र अडाणी. पेडल दाबलं की पोटाखालच्या सळया तारा खेचायच्या आणि सोडलं की दणका देत जागेवर यायच्या. पण सूर भरदार, ऐकून झाल्यावरही उरात रेंगाळणारा. धाकटीची पेडल लोण्यासारखी, आवाज स्वच्छ, जरासा पातळ. खरं तर प्रश्नच नव्हता. पण थोरलीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं तिचं काळीज, मध्यंतरी जळलं होतं. ते नव्याने तार गुंडाळून आणलं, तेव्हापासून ती झाकूनच ठेवलेली. आवाज तोच राहिला होता की गेला, एवढंच तिने सांगायचं होतं. चुकीची गिटार गेली तर उद्या नव्या पोरांसमोर त्याचं हसं होणार, आणि ते तिच्यामुळे.

सांगून टाकावं? आज? त्याचा धीरच खचला असता.

जमिनीतून तळव्याला धक्का बसला. ठक. मग पुन्हा ठक. थोरली. तिने डोळे मिटले आणि जुना सूर आठवून बघितला. तो आला, पण तो आठवणीतला होता. आत्ताचा कसा होता?

धक्के थांबले. मग मांजर चालत गेल्यासारखी बारीक थरथर. धाकटी.

खांद्यावर हात पडला तशी ती दचकून वळली.

"आवाज फार नाही ना झाला? म्हटलं, शेजारी भांडायला यायचे."

"छे हो. बेताचा होता."

"मग? पहिली?"

"पहिली थोरली."

"ते तू झोपेतही ओळखशील. सुराचं बोल. मला वरचे सूर जरा कोरडे वाटले."

खरंच कोरडे होते? की हा तिला चाचपत होता? तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तोही तिच्याच तोंडाकडे टक लावून बघत होता, डॉक्टरसमोर बसलेल्या माणसासारखा.

"पुन्हा वाजवा बघू," ती म्हणाली.

त्याने थोरली पुन्हा वाजवली. या वेळी ती वळून त्याचे हातच बघत राहिली. कांडी तारांवरून सरकत होती, गुडघा बाजूच्या दांड्याला रेटत होता, कुठे अडखळ नव्हती. पूर्वी थोरली वाजवताना त्याचे खांदे असेच सैल पडायचे. तेवढ्यावरच तिने उडी घेतली.

"थोरलीच न्या. काही कोरडी नाही. होती तशीच आहे."

"नक्की?"

"माझ्या कानांवर आता शंका घेणार का तुम्ही?"

तो मटकन स्टुलावर बसला. "सुटलो बाई! चार दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. तू म्हणालीस, आता चिंता मिटली." मग हसून म्हणाला, "धाकटी रुसणार मात्र."

"धाकट्या रुसतातच. तुमची बहीण विसरलात?"

"नाव काढू नकोस, दत्त म्हणून उभी राहील."

तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली. दोघांपैकी कुणी वाजवत नव्हतं. दारात लेक उभी होती, लालबुंद होऊन.

"आहात कुठे तुम्ही? केव्हाची बेल दाबतेय! बोट मोडायची वेळ आली. शेवटी शेजारून किल्ली आणली. आई, तुलाही ऐकू आली नाही?"

संपलं. आता सगळं बाहेर पडणार.

पण नवराच धावून आला. लेक अजून हातवारे करत किल्ली नाचवत होती, ती बघून तो म्हणाला, "बेल होय? अगं, गिटारी वाजवून बघत होतो. एवढ्या दणदणाटात बेल कशी ऐकू यायची?"

तिला त्याला मिठी मारावीशी वाटली. "हो ना," ती घाईने म्हणाली. "घर कसं दुमदुमत होतं नुसतं!"

लेक आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग गिटारीच्या मागे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून अँप्लिफायरजवळ वाकली.

"दुमदुमत होतं? मला तर बाहेर नुसती पेडलची खटखट येत होती," ती तशीच वाकून, एक हात हवेत उडवत म्हणाली. "आणि बाबा, ही वायर लावलीच नाही तुम्ही अँप्लिफायरला. हे टोक अजून गुंडाळीतच आहे."

आई बाबांकडे वळली, बाबा आईकडे वळले, आणि एकमेकांच्या ओठांकडे बघत दोघांनी एकदमच विचारलं, "काय म्हणाली ती?"